ॲडजस्ट या शब्दाची आणि माझ्या घराची वाटणी

वाचणाऱ्यांनो, म्हणजे माझ्या दोन्ही मुलांनो, चष्मा आधी डोक्यावर चाचपा, तिथेच असेल. माझ्या गोळ्यांची वेळ तुम्हाला आठवत नाही. संध्याकाळी फोन करतो म्हणता, तेही आठवत नाही. घराचा कागद कोणत्या कपाटात आहे एवढं मात्र तुम्ही झोपेतही सांगाल. म्हणून तोंडी काही ठेवत नाही, सगळं लिहवून घेते आहे.

मी, खाली अंगठा उठवणारी, लोकांचे कपडे उसवून-दाबून अंगाला बसते करून देणारी बाई, लिहून ठेवते की, मी पूर्ण शुद्धीवर आहे, डॉक्टरीणबाईंनी तपासून तसा दाखला दिला आहे. मला कोणी धमकावलेले नाही. फसवायचा प्रयत्न झाला होता, तो पुढे येईलच. मला अक्षर येत नाही. मी सांगते, वकीलबाई लिहितात आणि लिहिलेले मला वाचून दाखवतात.

कलम एक. नवऱ्यामागे शिवणकाम करून मी हे राहते घर घेतले. ते माझ्या स्वकमाईचे असून त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. ते मी माझ्या मुलीच्या, जिला सगळे ताई म्हणतात तिच्या, राहण्यासाठी ठेवत आहे. मुलांना यात वाटा नाही. का नाही, तेही लिहा म्हटलं, तर वकीलबाई म्हणाल्या, "आजी, कारणं मृत्युपत्रात बसत नाहीत." म्हटलं, "आज तुम्ही ॲडजस्ट करा, बाई."

तर हा शब्द. मी शाळेची पायरी चढले नाही, पण हा इंग्रजी शब्द मला पाठ आहे. थोरल्याचं लग्न झालं, तो म्हणाला, "आई, मधली खोली आम्हाला लागेल, तू पुढे मशीनजवळ ॲडजस्ट हो." मग धाकट्याची मोटरसायकल आली. तिला ऊन लागू नये म्हणून मशीन आणि मी, दोघी मागच्या खोलीत पाण्याच्या पंपाशेजारी ॲडजस्ट झालो. पुढे ताईचा नवरा तिला सोडून गेला, ती परत आली, तेव्हा सुनांनी पहिल्याच दिवशी तिच्या ताटात तोच शब्द वाढला. आता दोघे मुलगे आपापल्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. शब्द इथेच राहिला.

वकीलबाईंना फोनवर त्याचे अर्थ बघायला लावले. त्यांनी वाचले: जुळवून घेणे, तडजोड करणे, योग्य जागी बसवणे, सैल किंवा घट्ट करणे. शब्द बिचारा चांगला आहे हो. त्यात कुठेही लिहिलेलं नाही की हे एकाच माणसाने जन्मभर करायचं.

कलम दोन. सदर अर्थांची वाटणी पुढीलप्रमाणे. 'जुळवून घेणे' थोरल्याला. कोरं करकरीत आहे, त्याने कधी वापरलेलं नाही. 'तडजोड' धाकट्याला, तो ती इतरांना छान शिकवतो. 'योग्य जागी बसवणे' थोरल्या सुनेला. प्रत्येक समारंभात तिने मला योग्य जागी, म्हणजे फोटोच्या बाहेर, बसवलं. 'सैल किंवा घट्ट करणे' माझ्याकडे राहू दे, तो माझा धंदा. आणि जे अर्थ पुस्तकात नाहीत, सरक, गप्प बस, मागून जेव, ते कोणालाच देत नाही.

कलम तीन. दोघे भाऊ गेल्या वर्षी एकत्र आले. एकत्र आले तेव्हाच मी कपाटाची किल्ली कमरेला खोचली. कागद तयारच होता. "आई, घर विकून टाकू. तू माझ्याकडे," थोरला म्हणाला. "ताई थोडे दिवस इकडे, थोडे दिवस तिकडे. होईल ॲडजस्ट. इथे अंगठा दे."

आमच्या कामात माप कितीही बरोबर असलं तरी आधी कच्चा टाका घालतात. गिऱ्हाईक कपडा अंगात घालून उभं राहतं, बसतं, हात वर करतं. काचलं नाही तरच पक्की शिलाई. मी म्हटलं, "कच्च्या टाक्यावर बघू. ताई दोन्हीकडे राहून येऊ दे, मग अंगठा."

ती थोरल्याकडे गेली आणि त्यांच्या स्वयंपाकाच्या बाईला सुट्टी मिळाली, कायमची. निजायला फ्रिजसमोरची जागा. कोणाला पाणी लागलं की उजेड हिच्या तोंडावर. धाकट्याकडे पाहुणे आले की अंथरूण सोफ्यामागे आणि ही गच्चीवर. हे मला थोरल्याच्या आणि धाकट्याच्या मुलीकडून, माझ्या दोन्ही नातींकडून, कळलं. ताई परत आली ती हसतच.

"कसं होतं गं?"

"बरं होतं. जमेल, आई. थोडं ॲडजस्ट केलं की झालं."

दुसऱ्या दिवशी मी वकीलबाईंना बोलावलं. मुलांना मी ओळखून आहे. मला भीती आहे ती या मुलीची. उद्या भाऊ डोळ्यांत पाणी आणून दारात उभे राहिले की ही घर लिहून देईल, वर त्यांना चहा करून देईल.

कलम चार. म्हणून ताईला या घरात मरेपर्यंत राहण्याचा हक्क आहे, पण घर विकणे, गहाण टाकणे, बक्षीस देणे किंवा भावांसाठी हक्क सोडणे, यातले काहीही तिला करता येणार नाही. तिच्या पश्चात घर दोन्ही नातींना मिळावे. अंमलबजावणी गल्लीतल्या कुलूपवाल्याने करावी. माझी बातमी कळताच त्याने दाराचे कुलूप बदलावे आणि किल्ली ताईच्या हातात द्यावी. दुसरी किल्ली कोणालाही बनवून देऊ नये.

त्याला हे सांगितलं, तेव्हा त्याने विचारलं, "आजी, ताईच आल्या बनवायला तर?"

"दुकान बंद आहे म्हणायचं."

"दुकानात बसून?"

"दुकानात बसून."

कलम पाच. शिलाई मशीन ताईला. मोठी कात्री धाकट्या सुनेने पुठ्ठे कापायला नेली आणि बोथट करून आणली, ती तिलाच. बँकेत जे असेल त्यातून माझा शेवटचा खर्च करावा, उरेल ते ताईचे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. एका ठिकाणी वकीलबाईंनी भाषा मऊ केली होती, ती पुन्हा कडक करून घेतली.

ठिकाण: राहते घर, मागची खोली.
तारीख: वकीलबाईंनी शिक्क्यावर घातली आहे ती. वार बुधवार.
अंगठा: डाव्या हाताचा.
साक्षीदार: डॉक्टरीणबाई (सही). समोरची इस्त्रीवाली (सही).

अंगठा केल्यावर सुचले, तेही लिहून खाली पुन्हा अंगठा घेतला आहे, साक्षीदारांनीही पुन्हा सह्या केल्या आहेत. माझ्यामागे लोक भेटायला येतील. ताईने त्या दिवसांत स्वयंपाकघरात पाऊल टाकू नये. जेवण दोन्ही मुलांच्या घरून यावे, ताजे यावे, उरलेले नको. काय पाठवू, असे तिला विचारू नये. ती "काहीही चालेल" म्हणेल. तुम्हा दोघांना वांगं आवडतं म्हणून ती लहानपणापासून वांगं खात आली. तिला ते मुळीच आवडत नाही. भेंडी पाठवा, कुरकुरीत परतलेली.