एका घराला दोन नंबर

प्रिय बोहुमिल,

ओलोमोउत्सला सुखरूप पोचले. गुडघा बरा आहे.

पण आपल्या रादेकचं घर काही सापडेना. आपल्या गावात घराला एकच नंबर असतो, इथे प्रत्येक दारावर दोन. मी बारा नंबर बघून बेल वाजवली, तर एक म्हातारी वैतागून म्हणाली, "अहो बाई, हा नोंदणीचा बारा. तुम्हाला रस्त्याचा बारा हवाय, तो पलीकडे."

पलीकडे गेले, तर बेलवर नावंही दोन. एक आपल्या लेकाचं, दुसरं कुणा बाईचं. तुझ्याजवळ काही बोलला होता का? मला काहीच कळेना, म्हणून समोरच्या बाकावर बसून लिहितेय.

कोंबड्यांना दाणे घातलेस ना?

आता बेल दाबते. आलुबुखाराचे गोड पाव सहा आणलेत. तिघांना पुरतील.

तुझीच,
ल्युद्मिला