ओली पावलं

आत्याबाई,

चष्मा फ्रिजवर आहे, तो लावून सावकाश वाचा.

कॉलनीच्या ड्रमांतलं पाणी पळवणारी चेटकीण शोधायचं काम कॉलनीच्या कमिटीनं माझ्याकडं दिलं होतं. रोज सकाळी फरशीवर ओली पावलं दिसायची, कोरड्या विहिरीकडून आपल्या दाराकडं आलेली. इथं अनवाणी फिरणाऱ्या तुम्ही एकट्याच, म्हणून काल रिपोर्टात मी तुमचं नाव लिहून दिलं.

आज डोक्यात प्रकाश पडला. कोरड्या विहिरीत पाय भिजतीलच कसे? ही चेटकीण नव्हे, हडळ आहे; आणि हडळीची पावलं उलटी असतात, हे बारा वर्षं असले तपास करूनही मी विसरले. ती येत नव्हती, आपल्या ड्रमातलं पाणी घेऊन विहिरीकडं परत चालली होती. चिकलठाण्यात एवढे बोअर पाडून तिची विहीर आपणच आटवली, तिनं तरी काय करावं? हंडाभर पाणी तिच्यासाठी बाहेर ठेवलंय, ते आत घेऊ नका.

कमिटीनं रिपोर्ट वाचायच्या आत नाव खोडायला चाललेय. तोवर कुणी हाक मारली तरी दार उघडू नका.

आठ दिवस मी तुमचे पाय चोरून बघत होते. तुम्हाला कळलं असणार, परवापासून तुम्ही घरातपण चपला घालताय. संध्याकाळी मी आले की त्या काढा. मला पाया पडायचंय.

तुमची सून,
सत्यशीला