साल्तियोला जाण्याबद्दल कणकेचा कौल

तोतोलाक, त्लास्काला
सोमवार, २० जानेवारी २०२५

तीर्थरूप दोमितिला आत्यास सेनाइदाचा वाकून नमस्कार. तुझा खोकला गेला का? सिप्रियानो काकांच्या डोळ्यावरची पट्टी निघाली का, आणि निघाली असल्यास ते डॉक्टरांचं ऐकून भट्टीपासून लांब राहतात, की थंड भट्टीचं दार उघडून नुसता वास घेऊन येतात? इकडे सगळे ठीक. (ठीक म्हणजे कुणी आजारी नाही. बाकीचं खाली येतंच आहे.)

सगळ्यात आधी एक दुरुस्ती. नऊ तारखेच्या पत्रात मी लिहिलं होतं की तू बसने पाठवलेला पुल्केचा डबा सुखरूप पोचला, आणि घरातले सगळे तुमच्याकडे साल्तियोला कायमचं राहायला यायला तयार आहेत. ही दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. डबा सुखरूप पोचला हे खरं, पण पुल्के नाही. आणि दुसऱ्या वाक्यात 'सगळे' चूक, 'तयार' चूक. 'घरातले' तेवढं बरोबर आहे. ते पत्र बाबा माझ्या खांद्यामागे उभे राहून सांगत होते आणि मी लिहीत होते. तेव्हापासून अकरा दिवस मला घास गोड लागत नाही. फोनवरच सांगितलं असतं, पण आमच्याकडे फोन कसा होतो ते तुला ठाऊक आहे. तो टेबलाच्या मधोमध ठेवून, आवाज मोठा करून, सगळे एकदम बोलतात, आणि तू तिकडून 'बरं बरं' म्हणून ठेवून देतेस.

आता डब्याविषयी. तुमची भट्टी चालवायला आम्ही यावं असं तू म्हणालीस तेव्हा बाबांनी लगेच 'येतोच' म्हटलं. (जत्रांमधला आपला पावाचा धंदा निम्म्यावर आलाय. लोक पिशवीतला पाव घेतात, त्याला ना बडीशेपेचा वास ना कसला.) पण मग त्यांना शंका आली की तिकडच्या घायपाताच्या पुल्केवर आपली कणीक फुगेल का. नाही फुगली तर एवढ्या लांब जाऊन करायचं काय? म्हणून तू पाच लिटर पुल्के पाठवायचं ठरलं. तू मला विचारलंस, "झाकण सैलच ठेवते हं?" आणि मी म्हटलं, "नको आत्या, पार्सलच्या कागदावर छापलंय, द्रव पदार्थाचं झाकण घट्ट बंद असावं." चूक माझी आहे. पुल्के शेवटी आंबत राहणारी दारू, ती वाटभर उसासे टाकत असते, तिचं झाकण कुणी आवळत नाही, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मलाही माहीत होतं. पण छापील नियम दिसला की माझं बाकीचं ज्ञान कुठे जातं कोण जाणे.

झाकण अर्ध्या वाटेत उडालं. बसच्या पोटात शेजारीच एका तरुण पाद्र्याची पेटी होती. तो आमच्या पलीकडच्या गावी पहिल्यांदाच रुजू व्हायला येत होता आणि पेटीत त्याची पूजेची सगळी वस्त्रं होती. ती त्याने दोनदा धुतली, तरी रविवारी तो वेदीपाशी उभा राहिला तेव्हा पहिल्या चार रांगांना वास गेला. मी त्याची माफी मागायला गेले. मला वाटलं, गावाने त्याला वाळीत टाकलं असेल. तर तो म्हणाला, "बाई, एकवीस जण कबुलीजबाबाला येऊन गेले. म्हणतात, हा फादर समजून घेईल." बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग आणखी एक डबा मागवूया त्याच्यासाठी." आजोबांचं मत वेगळं. ते म्हणाले, "माझी लेक वीस वर्षं उत्तरेला राहिली आणि पुल्केचं झाकण आवळायला लागली. तिथे गेलं की माणसाचं असं होतं." मी त्यांना सांगितलं की झाकण आवळायला मी सांगितलं होतं. ते म्हणाले, "तू शाळेत गेलीस. तुझं आणि तिचं दुखणं एकच."

आजोबा उघडपणे जाण्याच्या विरुद्ध आहेत. रोज जेवताना त्या जुन्या चारशे कुटुंबांची गोष्ट काढतात. "चारशे वर्षांपूर्वी इथून चारशे कुटुंबं साल्तियोला गेली, ती काय अशीच गेली? राजाने त्यांना घोड्यावर बसायचा मान दिला, कर माफ केला, जमिनी दिल्या. दोमितिला काय देते? एक डबा. तोही सांडलेला." नाबोर विचारतो, "आजोबा, त्यातलं कुणी परत आलं का?" आजोबा म्हणतात, "कशाला येतील? घोडे होते ना." (माझा भाऊ नाबोर कोणत्याच बाजूला नाही. त्याला दोन्हीकडे जेवायला मिळेल.)

तर डब्यात तळाला एक लिटर पुल्के उरली होती. बाबांनी जाहीर केलं की आता वाद नकोत, कणीकच कौल देईल. एकाच पोत्यातला मैदा, तेवढाच गूळ, तेवढीच अंडी. एक गोळा इकडच्या पुल्केचा, त्यावर निळं फडकं. दुसरा तुझ्या पुल्केचा, त्यावर लाल फडकं. लाल निळ्याइतकी फुगली तर जायचं, बसली तर राहायचं. मी वहीत वेळ लिहायची. सकाळी नऊला दोन्ही गोळे झाकले आणि 'कुणी हात लावायचा नाही' अशी बाबांनी सगळ्यांना शपथ घातली. शपथ मीच वाचून दाखवली.

दुपारी एकला फडकी काढली. आत्या, दोन्ही गोळे अगदी सारखे फुगले होते. मी पट्टीने मोजले. मला इतका आनंद झाला की मी 'जायचं!' असं ओरडले, आणि बघते तर माझ्याशिवाय कुणीच खूश नाही. बाबा गोळ्याकडे असे बघत होते जणू त्याने त्यांना शिवी दिली आहे. शेवटी म्हणाले, "ओल्या हवेचा दिवस आहे. आजचं धरायचं नाही." संध्याकाळपर्यंत नाबोरने दोन्हींचे पाव भाजून गिऱ्हाइकाला विकूनही टाकले, त्यामुळे पुरावाही राहिला नाही.

त्यानंतर एकेक जण माझ्याकडे आला. मी घरातली पहिली शिकलेली, त्यामुळे मनावरचं ओझं माझ्याजवळ आणून ठेवायची सगळ्यांना सवय आहे. जणू मी सरकारी कचेरी आहे आणि शिक्का मारून देणार. आधी आजोबा आले. म्हणाले, "ती लाल फडक्याखालची पुल्के तुझ्या आत्याची नव्हती. ती मी आदल्या दिवशी प्यायलो आणि डब्यात आपली भरून ठेवली." मी विचारलं, "म्हणजे प्रयोग बिघडवायला?" तर खाली बघून म्हणाले, "नाही गं. आधी चाखायला. मग थांबता येईना. आपल्यापेक्षा चांगली आहे. हे कुणाला सांगू नकोस." मग आई आली. ती या विषयावर आजवर एक शब्द बोललेली नाही. तिने मध्येच लाल फडक्याचा गोळा उचलून भट्टीजवळ ऊबेला ठेवला होता. म्हणाली, "तीस वर्षं जत्रांमध्ये ताडपत्रीखाली झोपले. एकदा तरी दाराला कुलूप लावून दुकान बंद करायचंय मला. पण तुझ्या बापाला वाटायला नको की मी त्याला इथून उठवलं." आणि सगळ्यात शेवटी बाबा. त्यांनी लाल गोळ्यात मूठभर मीठ जास्त घातलं होतं, तो बसावा म्हणून. मी म्हटलं, "बाबा, जायचं जायचं तर तुम्हीच म्हणता!" ते म्हणाले, "मला वाटलं कुणीतरी 'नको' म्हणेल. म्हातारा म्हणतो, पण त्याचं कोण ऐकतो? मी 'नको' म्हटलं तर सगळे म्हणतील, घाबरला."

म्हणजे बघ, जे जायला नको म्हणतात त्यांना तिकडची पुल्के आवडते, जे जाऊ म्हणतात त्यांना जायचं नाही, आणि जी गप्प बसते तिला सगळ्यांच्या आधी निघायचंय. तिघांनीही मला 'कुणाला सांगू नकोस' असं बजावलं आहे. मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. तू दुसऱ्या राज्यात राहतेस, म्हणून तुला सांगणं हा शब्द मोडणं होत नाही, असं मी पुष्कळ विचार करून ठरवलं आहे. (तरी वाचून झाल्यावर हे पान फाडून टाक.)

तू सात फेब्रुवारीपर्यंत उत्तर मागितलं आहेस. नाहीतर भट्टी काकांच्या पुतण्याकडे जाईल, हेही लिहिलं आहेस. बाबांनी मला सांगितलंय, "लिही, येतोच आहोत, थोडा वेळ द्या." ते मी लिहिलं. पण ते खरं आहे असं मी लिहू शकत नाही. माझ्या हिशेबाने हे घर असं ठरवत राहिलं तर नाबोरच्या नातवंडांच्या वेळेला ठरेल. काकांना नमस्कार.

तुझी भाची,
सेनाइदा

ता. क. आणखी एक दुरुस्ती. डब्यात एक लिटर नव्हे, सव्वा लिटर उरली होती. पाव लिटर मी आधीच बरणीत काढून ठेवली, झाकण सैल ठेवून. त्या रविवारी सगळे नव्या पाद्र्याला बघायला गेले तेव्हा मी तिच्यावर कणीक मळली. तुला ठाऊक आहे, आमच्याकडे मला मळू देत नाहीत. "तुझे हात कागदाला, आम्ही तुला शिकवलं ते कणकेत हात घालायला का?" जिच्यात कुणी लुडबुड केली नाही अशी ती एकच कणीक. पावणेचार तासांत दुप्पट झाली. पाव एका बाजूने जरा करपला, पण आत जाळी पडली होती. अर्धा या पाकिटाबरोबर पाठवते आहे. दगड झाला असेल तर कॉफीत बुडव. काकांना मात्र कोरडाच दे आणि ते काय म्हणतात ते खरं खरं कळव.

ता. क. दुसरा. तर विनंती अशी, की भट्टी पुतण्याला देऊ नकोस. मला दे. काकांनी खुर्चीवर बसून ओरडायचं आणि मी ऐकायचं. ओरडून घेण्याची मला सवय आहे, आणि ते जे सांगतील ते मी वहीत लिहून ठेवीन. आई माझ्यामागे येईल असं मला वाटतं. आई आली की बाबांना यावंच लागेल, कारण त्यांचे मोजे कुठे असतात ते त्यांना माहीत नाही. आजोबांना आणायला तुझी पुल्के पुरेशी आहे. पण यातलं एकही झालं नाही, तरी मी येणार.

ता. क. तिसरा. बाबांना हे मी स्वतः सांगणार आहे, तू फोनवर काही बोलू नकोस. दोन तारखेला कांदेलारियाचे तमाले खाऊन होऊ देत, सणाच्या दिवशी कुणाचं मन मोडायचं नाही. तीन तारखेला सांगीन. ते ओरडतील, मग आपली जुनी म्हण ऐकवतील की मंगळवारी लग्न करू नये, प्रवासाला निघू नये आणि घरच्यांपासून दूर होऊ नये. लग्न मी करत नाही. उरलेल्या दोन गोष्टी मी मंगळवार, ४ फेब्रुवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांच्या बसने करणार आहे.