चालता कॉल रानात नेण्याची मोहीम

रविवार, २ नोव्हेंबर. संध्याकाळी ७.४०

आजपासून रोजनिशी. पलटणीत लॉगबुक ठेवायचो तशी. कोणी वाचायला नाही. खरं तेवढंच लिहिणार.

विषय : चालू व्हिडिओ कॉल न तुटता एका मशिनवरून दुसऱ्यावर नेणे. पलूस स्टँडसमोर रेश्माचं मोबाईलचं दुकान आहे. काल तिथून टॅबलेट घेतला तेव्हा तिने करून दाखवलं. एका मोबाईलवर बोलत होती, बटण दाबलं, पुढचं वाक्य दुसऱ्या मोबाईलवर. समोरच्याला पत्ता नाही. मी बावीस वर्षं सिग्नल्समध्ये काढली, हवालदार म्हणून रिटायर झालो. असलं काम आपल्या हातचा मळ.

गरज : वीरधवल दर रविवारी पाचला कॉल करतो. लान्स नायक आहे, तिकडं थंडीत. दहा-बारा मिनिटं मिळतात. माझा नवा मोबाईल घरात वायफायवर झकास चालतो, पण गोठ्याच्या पुढं त्याची रेंज जाते. टॅबलेटमध्ये दुसऱ्या कंपनीचं कार्ड आहे, त्याला रानात रेंज आहे. म्हणून कॉल घरात घ्यायचा, गोठ्यापाशी टॅबलेटला हँडओव्हर द्यायचा आणि पोराला रान दाखवायचं.

मुद्दे सहा. गाभण गाय. नवी पाइपलाइन. तोडीला आलेला ऊस. त्याने लावलेली आंब्याची कलमं. विहिरीवरची मोटर. सहावा : किर्लोस्करवाडी.

सहाव्याबद्दल थोडक्यात. ऑगस्टमध्ये रजा संपवून तो निघाला तेव्हा किर्लोस्करवाडीच्या फलाटावर चार लोकांदेखत मी त्याला बोललो. नायकाच्या केडरमध्ये, म्हणजे बढतीच्या परीक्षेत, नापास झाला होता. माझं नाव घालवलंस, एवढंच म्हटलं. अजून एक-दोन वाक्यं असतील. तेव्हापासून तो आईशी बोलतो आणि मला फक्त तब्येत विचारतो. तो विषय मिटवायचा आहे. वेळ उरला तर.

बायकोला, मंगलला, प्लॅन समजावला. ती म्हणाली, आवं, आदी त्याला जेवला का इचारा. बायकांना तांत्रिक गोष्टीत गोडी नसते.

शनिवार, ८ नोव्हेंबर. सकाळी ११

तिन्ही मशिनं एकाच खात्यावर चढवली. तिसरं म्हणजे माझा जुना मोबाईल. काच फुटलीय. मंगल स्वयंपाकघरात त्यावर अभंग ऐकते. रेश्मा म्हणाली, काका, जुन्यावरनं खातं काडून टाका. काढलं नाही. सिग्नल्समध्ये रिझर्व्ह सेट असतोच.

मशिनांना कॉलसाइन दिले. नवा मोबाईल टायगर. टॅबलेट कोब्रा. जुना ईगल. यादीत तीच नावं दिसतात. पलटणीत कॉलसाइन ठराविक दिवसांनी बदलायचे, शत्रूला सुगावा लागू नये म्हणून. मी दर रविवारी सकाळी बदलणार. शिस्त ती शिस्त. फक्त या रविवारी तीच ठेवतो, मंगलचा गोंधळ होईल.

रविवार, ९ नोव्हेंबर. ५.२५

कॉल ५.०२ ला आला. ५.०३ ला हँडओव्हर दिला. टॅबलेटने पासवर्ड मागितला. पासवर्ड कागदावर, कागद कपाटात, किल्ली मंगलच्या कमरेला, मंगल गोठ्यात. किल्ली आली तोवर कॉल गेला.

मुद्दे : शून्य. मंगलचं बोलणं : शून्य. तिनं भांडी जोरात घासली.

चूक माझी नाही. पासवर्ड मागायची ही वेळ नव्हे.

रविवार, १६ नोव्हेंबर. ६ वाजता

पासवर्ड तळहातावर लिहून ठेवला होता. हँडओव्हर दिला. कॉल टॅबलेटवर आला, पण मोबाईलवरूनही गेला नाही. दोन्ही मशिनं शेजारी, दोन्हींचा आवाज चालू. असा काही कर्कश आवाज निघाला की गाईनं दावं तोडलं आणि ती उसात शिरली. मी टॅबलेट घेऊन तिच्या मागं. वीरधवलला गाय दिसली. म्हणजे मागून दिसली. पहिला मुद्दा पूर्ण धरायला हरकत नाही.

तेवढ्यात मंगलनं मोबाईल उचलून घेतला. तिला चाळीस सेकंद मिळाले. तो तिला म्हणाला, आई, आप्पा कुठं हायत, मला त्यांना एक सांगायचं हाय. मग मी परत आलो, आवाज घालवायला बटण दाबलं आणि कॉल कट झाला.

काय सांगायचं असेल? तब्येतच विचारणार. दुसरं काय विचारतो तो.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

महेंद्र आला होता. टेलिफोन खात्यात लाइनमन होता, आता माझ्यासारखाच रिकामा. त्याला सगळी व्यवस्था दाखवली. तो बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, आकाराम, टॅबलेटला रानात रेंज हाय. घरात वायफाय हाय, ते टॅबलेटलाबी चालतंय. मग कॉल पयल्यापास्नं टॅबलेटवरच घे आन चालत जा की रानात.

मी म्हटलं, तो मुद्दाच नाही.

तो म्हणाला, मग मुद्दा काय हाय?

महेंद्रला मूळ तत्त्व कळत नाही. चालतं अ‍ॅप हलवणं ही पुढची गोष्ट आहे, त्याचं आयुष्य खांबावर गेलं. चहा पिऊन निघताना पायरीवर थांबून म्हणाला, आमाला एकच शिकवलं व्हतं गड्या, चालू लाइनीला हात लावायचा न्हाई. चहा माझा आणि अक्कल त्याची.

रविवार, २३ नोव्हेंबर. ५.४०

कॉलसाइन सकाळी बदलले, दुपारी परत पहिले केले, कारण यादी सापडेना.

कॉल बरोबर पाचला. हँडओव्हर द्यायला टॅबलेट उचलला तर तो स्वतःला अपडेट करत होता. चाळीस टक्के. कोणी सांगितलं होतं? हात लावला तर एकेचाळीस. मी सूचना वाचत होतो तेव्हा वीरधवल मोबाईलवरून बोलत होता. मधलं नीट ऐकू आलं नाही, शेवटचं आलं. पुढच्या रविवारी ड्यूटी, कॉल नाही. सात डिसेंबरला शेवटचा कॉल. मग वरच्या पोस्टवर, म्हणजे बर्फातल्या चौकीवर, तीन महिने. तिथं मोबाईल न्यायचा नाही.

मंगल पदर तोंडाला लावून उभी. मी टॅबलेट हातात धरून. एकसष्ट टक्के.

म्हणजे एकच संधी. सहा मुद्दे, बारा मिनिटं, मुद्द्याला दोन. सहज बसतं.

रविवार, ३० नोव्हेंबर. ४ वाजता

रंगीत तालीम. वीरधवलच्या जागी रेश्मा, तिच्या दुकानातून. शंभर टक्के यश. घरात बोललो, गोठ्यापाशी कोब्रा दाबलं, कॉल टॅबलेटवर, आवाजसुद्धा तुटला नाही. गाय, पाइप, ऊस, कलमं, मोटर, पाच मुद्दे सात मिनिटांत. रेश्मा म्हणाली, काका, सहावं काय ते बोला की, मी ऐकतीया.

मी म्हटलं, वेळ संपला.

ती म्हणाली, अजून पाच मिन्टं हायत.

गिऱ्हाइकं खोळंबली असतील म्हणून मी कॉल ठेवला. ती म्हणाली दुकानात कोणी नव्हतं. तालमीत सगळंच करायचं नसतं.

रविवार, ७ डिसेंबर. सकाळी ६.३०

आज. पाणी तापायच्या आधी उठलो. तिन्ही मशिनं शंभर टक्के चार्ज. अपडेट बंद. शेवटची मोहीम आहे तर सगळं नियमानं, म्हणून कॉलसाइनही बदलले. नवा मोबाईल ईगल, टॅबलेट टायगर, जुना कोब्रा. नीट कागदावर लिहून शर्टाच्या खिशात ठेवलं.

दाढी केली. मंगलनं इस्त्रीचा शर्ट काढून दिला.

तीच तारीख. संध्याकाळी ६.४५

आता उभ्या उभ्या लिहितोय.

कॉल ५.०१ ला आला. घरातून मी म्हटलं, वीरू, लाइनवर राहा, तुला रान दाखवतो. तो म्हणाला, आप्पा, आदी ऐका. मी म्हटलं, तिथं गेल्यावर ऐकतो. गोठ्यापाशी आलो. बोट आपोआप कोब्रावर गेलं. महिनाभराची सवय. मोबाईलवरून कॉल निघून गेला, एकदम स्वच्छ, ना खरखर ना कर्कश आवाज. मी टॅबलेट घेऊन रानात गेलो. टॅबलेट कोरा. मी म्हटलं, येतोय, वेळ लागतो. गाईपाशी थांबलो. पाइपपाशी थांबलो. वीरधवल, ऐकू येतं का, ओव्हर. असं विहिरीपर्यंत. विहिरीवर कोब्रा पुन्हा दाबून बघितलं. टॅबलेटवर उत्तर आलं, कॉल दुसऱ्या मशिनवर चालू आहे.

कागद काढायला खिशात हात घातला. कागद सकाळच्या शर्टात.

घरी पळत आलो. या वयात पळू नये. स्वयंपाकघरात मंगल ओट्याला टेकून बसली होती. हातात फुटक्या काचेचा मोबाईल. बंद झालेला. मी विचारलं, किती वेळ? ती म्हणाली, सव्वीस मिन्टं. त्याच्या सायबांनी आज जास्त येळ दिली व्हती.

सव्वीस मिनिटं. हँडओव्हर यशस्वी. सिग्नल्सच्या पुस्तकात घालावा असा.

मला बसावंसं वाटतंय.

सोमवार, ८ डिसेंबर. सकाळी

मंगलनं रात्री काही सांगितलं नाही. सकाळी चहा देताना सांगितलं. म्हणाली, पैल्यांदाच कट न्हाई झाला. काय खातोय, पाय कसं हायत, समदं बोलला. मी दारातनं तुमाला लय हाका मारल्या. तुमी तकडं ओव्हर ओव्हर करत व्हता.

मग म्हणाली, केडर पास झालाय. म्हैनाभर झाला. तुमाला सोताच्या तोंडानं सांगायचं म्हनून माझ्याबी कानावर घातलं न्हवतं. दर रविवारी सांगायला बघत व्हता.

चहा पिऊन टाकला. गार झाला होता.

मी म्हटलं, बघ, फलाटावर बोललो त्याचा परिणाम झालाच. ती माझ्याकडं बघत राहिली. बावीस वर्षं मी बाहेर होतो तेव्हा सुट्टीवर आलो की पहिल्या दिवशी अशी बघायची. मग म्हणाली, त्यानं इचारलं, आई, आप्पा माझ्याशी बोलायला नको म्हनून मशिनला हात लावत बसत्यात का?

मी विचारलं, तू काय सांगितलंस?

ती म्हणाली, व्हय म्हनून सांगितलं.

बुधवार, १० डिसेंबर. दुपारी ३

पोस्टात गेलो. अंतर्देशीय पत्र आणलं. वरच्या पोस्टवर पत्रं पोचतात, उशिरा का होईना. महेंद्र तिथंच पेन्शनच्या कामाला आला होता. पत्र बघून परत आपल्या रांगेत गेला. बरं केलं त्यानं.

पत्राला मशिन लागत नाही. रेंज, पासवर्ड, अपडेट, काही नाही. दहा मिनिटांचं काम.

तीच तारीख. ५.२०

लिहून झालं. चि. वीरधवल यास अनेक उत्तम आशीर्वाद. पास झाल्याचं कळलं, अभिनंदन. गाय पुढच्या महिन्यात व्यायेल. पाइपलाइन टाकली, मधल्या जोडाला गळती आहे, जोड बदलणार. उसाला तोडकऱ्यांची टोळी अजून मिळाली नाही. कलमांना मोहोर दिसतोय. मोटर नवीन, साडेसात हॉर्सपॉवर. आणि कागद संपला.

अंतर्देशीय पत्राचा आकार फार लहान आहे. टपाल खात्याला तक्रार करणार.

मंगलला म्हटलं, जागाच उरली नाही. तिनं पत्र हातात घेतलं, उलटं केलं, घडीची कडा उघडली. आत चार बोटं कोरी जागा. म्हणाली, हितं लिवा. मी म्हटलं, ती डिंकाची जागा असते. ती म्हणाली, डिंक वर हाय. आणि समोर पाटावर बसली. दूध तापवायची वेळ झाली होती तरी उठली नाही.

६.१०

लिहिलं. दोन ओळी.

फलाटावर बोललो ते चुकलं. तू नापासच राहिला असतास तरी चुकलंच असतं. आप्पा.

मंगलला वाचून दाखवलं नाही. तिनं स्वतः वाचलं. मग दूध तापवायला गेली.

गुरुवार, ११ डिसेंबर. सकाळी ९.३०

पत्र पेटीत टाकलं. पोस्टमास्तरांना विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, वरच्या पोस्टला पंधरा, बर्फ असला तर महिना. मी विचारलं, पोचलं की कळेल का? ते म्हणाले, ते उत्तर लिहितील तेव्हा.

येताना पेटीपाशी परत थांबलो. पत्र आत गेलंय का ते फटीतून बघत होतो. महेंद्र मागून आला आणि म्हणाला, आकाराम, आता हात घालू नको.