अकरा तारखेचा श्रावण

२ जुलै, बुधवार

श्रावणातल्या कामाचा तक्ता जमला! किती दिवस डोकं खाल्लं त्यानं.

अडचण दरवर्षीचीच. शेडमध्ये आम्ही करतो कुत्र्यांचा सुका खाऊ. कुत्र्यांना चिकन हवं, आणि कामाच्या बाया श्रावणात चिकनला हात लावत नाहीत. जबरदस्ती मी करत नाही, करणारही नाही. पण बुऱ्हाणपुरात श्रावण दोन! हिंदी घरांचा सावन पौर्णिमा झाली की लागतो — यंदा अकरा तारखेला. आपला अमावास्येनंतर, पंचवीसला. म्हणजे मधला पंधरवडा उषा, सरुबाई आणि त्यांच्या दोघी मैत्रिणी चिकनच्या पट्ट्या करतील, हिंदी बाया केळीची बिस्किटं. पंचवीसपासून सगळ्याच सोवळ्यात, तेव्हा नुसती बिस्किटं आणि पॅकिंग. राखी झाली की हिंदी बाया परत चिकनवर. शेड एक दिवस बंद नाही!

सगळी धडपड इंदूरच्या अरविंदशेठसाठी. त्यांना महिनाअखेर चिकनच्या पट्ट्या हव्यात. वेळेत पोचल्या तर वर्षभर आपलाच माल घेतील. नाही तर दिवाळीपर्यंत ही शेड टिकायची नाही, आणि बायांना काय सांगू मी?

पंकजला तक्ता दाखवला. धाकटा भाऊ, आणि धंद्यात निम्मा भागीदार — शेड माझी, विक्री त्याची. मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. "ताई, तू बघ ना. तुझ्या बायांचं तुलाच माहीत."

बघते!

१० जुलै, गुरुवार

सुट्टीच्या वेळी उषा दारात येऊन उभी.

"ताई, मी उद्यापासून नाही येत. श्रावण लागतो ना. सरुबाई अन् त्या दोघी पण नाही येत. महिनाभर."

उद्यापासून? उषाचा श्रावण? ही बाई अमावास्येपर्यंत मासे खाते, वर मला चव सांगते! म्हटलं, "अगं, आपला अजून पंधरा दिवसांनी." तिनं पदराचं टोक पिळलं. "नाही ताई. अकरा तारखेपासून." आणि चालायला लागली.

शेड उघडली त्या दिवसापासूनची बाई. पहिली पट्टी तिनं कापलीय. माझ्याशी खोटं बोलली, तेही देवाचं नाव पुढे करून. जायचं तर जा, पण मी श्रावणाला नाही म्हणत नाही म्हणून तोच वापरायचा? फार लागलं मला.

११ जुलै, शुक्रवार

चिकन आलं. हात नाहीत.

१४ जुलै, सोमवार

मीच कापतेय, मीच हळद-मीठ चोळतेय, मीच ड्रायर भरतेय. हिंदी बाया पलीकडे बिस्किटं थापतात आणि माझ्याकडे बघून ओशाळतात. त्यांचा काय दोष! त्यांचा सावन खरा आहे.

ठोंब्या — शेडचा कुत्रा, आमचा चव घेणारा साहेब — तेवढा खूश. खाली पडलेलं सगळं त्याचं.

दुपारी पंकज आला. माझे पिवळे हात बघून त्याचा चेहराच पडला. "ताई, कामवाल्या बायांवर इतका भरवसा टाकायचा नसतो. मी धूलकोटहून बाया आणतो, दोन दिवस दे." रंजितानं, त्याच्या बायकोनं, माझ्यासाठी डबा दिलेला. सोमवार म्हणून साबुदाण्याची खिचडी. उभ्या उभ्या खाल्ली आणि डोळे भरून आले. एवढं एक माणूस आपलं आहे, बरं वाटलं.

१७ जुलै

धूलकोटच्या बाया? "उद्या, ताई."

१९ जुलै, शनिवार

इतवाऱ्याच्या बाजारात भाजी घेताना उषा समोर! मला बघून हात पदराखाली घेतले. पण मी बघितलं होतं. नखं पिवळीधमक. स्वयंपाकाच्या हळदीनं बोटाची दोन टोकं रंगतात, सगळी नखं नाही. ही पट्ट्या चोळायची हळद. माझीही तशीच आहेत की!

"कोणाकडे करतेस गं?"

"कुठं काय ताई. घरचंच."

"श्रावणात?"

मेथीची जुडी तिथंच टाकून निघून गेली. लाज वाटली असेल का? वाटू दे. मला तिचे केस ओढावेसे वाटत होते, आणि घरी येऊन मीच रडले.

२४ जुलै, गुरुवार

संपलं. पंकजनंच येऊन सांगितलं. अरविंदशेठना दुसऱ्याकडून माल मिळाला. "इथलाच आहे म्हणे कोणी. पुलापलीकडे नवी शेड टाकलीय." आमचीच कापणी, आमचीच हळद, आमच्याच बायांचे हात.

त्यानं माव्याची जिलेबी आणली होती. "खा ताई. मी आहे ना." त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडले. ठोंब्या मेला त्याचे बूट चाटत सुटला होता. हाकलला तरी हटेना.

२८ जुलै, सोमवार

सकाळी गेटवर सरुबाई! न बोलता झाडू घेतला आणि झाडायलाच लागली. मी म्हटलं, "आता कशाला?"

"आता खरा श्रावण लागला ताई. तिथं म्हणतात, चिकनला हात लावा नाही तर घरी जा. तुम्ही कधी असं नाही केलं." मग झाडू टेकवून म्हणाली, "उषा नाही यायची. तिला तोंड नाही दाखवायला."

"मग अकरा तारखेचा कोणता श्रावण होता तुमचा?"

"आमचा कुठचा तो! तसं बोला म्हणून सांगितलं होतं. ताई श्रावणाला काही म्हणत नाही म्हणे. आम्ही बोललो. आम्हाला पण नवल वाटलं, पंधरा दिवस आधी कसा? पण कोण विचारते?"

"कोणी सांगितलं?"

"नाव नका घ्यायला लावू. लेकराची शपथ घातलीय मला."

नाव नको घेऊस. मला कळलं तेवढं! मालक कोणीतरी हिंदी माणूस आहे. त्याच्या घरचा सावन अकराला लागला, त्यानं तीच तारीख माझ्या बायांच्या तोंडी घातली. मराठी घरात ही चूक होणारच नाही. शोधून काढते त्याला. पंकजला लावते कामाला.

३ ऑगस्ट, रविवार

पंकज म्हणतो, "सोड ना ताई आता." नाही सोडणार!

९ ऑगस्ट, शनिवार. राखी

पंकज पाटावर बसला, मी ओवाळलं. रंजिता शेजारीच होती, हसत म्हणाली, "दीदी, आज सावन पूरा! ग्यारह तारीख से हमारे घर अंडा तक नहीं आया. ये तो अपना श्रावण भूल ही गए, मेरा वाला ही रखते हैं."

माझ्या हातात राखी. बांधली. गाठ दोनदा मारली. मग म्हटलं, "पंकू, उषाला तारीख सांगायच्या आधी मला विचारायचंस. आपला पंचवीसला होता."

पेढ्यासाठी उघडलेलं त्याचं तोंड तसंच राहिलं. मी पेढा ताटात परत ठेवला.