मालावर माणूस

रॉटरडॅम बंदराबाहेर, जहाजावरून
शुक्रवार, दुपारचे तीन (सणसरला साडेसात, तुमचं जेवण व्हायचं असेल)

आदरणीय सरदारमामूंना वाजिदचा सलाम.

तुमचा गुडघा, बिबीजान मुमानींचा खोकला आणि नव्या बोअरचं पाणी, तिन्हींची खुशाली कळवावी. पत्र मेहरीन वाचून दाखवील. तिला सांगा, कंसातलंही वाचायचं. माझं बरंचसं खरं कंसात असतं.

काल किनारा जवळ आला, मोबाइलला रेंज आली आणि पहिला आला तो तुमचा आवाज. "शाब्बास वाजिद! माल पोचला, येक फळ बिघडलं न्हाय. मालावर माणूस होता म्हनून!" हा निरोप मी चार वेळा ऐकला. पहिल्या वेळी छाती फुगली. चौथ्या वेळी लक्षात आलं की आमचं जहाज अजून बंदरात शिरलेलंच नाही. तेव्हा ही शाबासकी ठेवून घ्यावी की परत करावी, हे ठरवायला सगळं पहिल्यापासून लिहितो. (फोन केला असता. पण फोनवर तुम्ही "बरं, ठेव" म्हणता आणि माझा मुद्दा यायचाच राहतो.)

तुम्ही उभ्या आयुष्यात उसाची ट्रॉली कारखान्याच्या रांगेत माणसाशिवाय उभी केली नाहीत. त्यामुळे पहिल्यांदाच आपली डाळिंबं परदेशी निघाली तेव्हा चहाच्या हॉटेलात तुम्ही जाहीर केलंत, डब्याबरोबर, म्हणजे कंटेनरबरोबर, माणूस जाणार. शेजारचे भीमाआबा बांधाच्या भांडणापासून सहा वर्षं तुमच्याशी बोलत नाहीत, म्हणून ते चहाच्या कपाला म्हणाले, "डबा काय रडतुय व्हय, संगं माणूस धाडायला?" त्यावर तुम्ही त्याच कपाला सांगितलंत, "वाजिद जाईल. कॉलेजात पुस्तकं सांभाळतो, डबा सांभाळंल." त्या क्षणापासून तुमची इज्जत माझ्या हातात आली. तेवढ्यात तुम्ही कंटेनरच्या नंबराचा कागद सगळ्यांना दाखवायला म्हणून हॉटेलात फिरवलात आणि तो तिथंच राहिला. (हा दोष तुमच्यावर ढकलत नाही. मी त्याचा फोटो काढायला हवा होता. डायरीत तसं लिहिलं आहे.)

मालाच्या जहाजावर एकदोन प्रवासी घेतात, हे मी आपल्याच ग्रंथालयातल्या एका पुस्तकात वाचलं होतं. खोली छान मिळाली. पलंग, टेबल, आणि समुद्राकडे उघडणारी मोठी काच. पहिल्याच दिवशी काचेपुढं कंटेनर रचले गेले. चोवीस दिवस मी त्या काचेतून अथांग असा निळा पत्रा पाहिला. (समुद्र दिसायचा, पण त्यासाठी पाच जिने चढून वर जावं लागे. उडणारे मासे मात्र खरे असतात, मामू. मी सत्तावीस मोजले; त्यातला एक कदाचित तोच पुन्हा उडाला असावा.) घड्याळ दर थोड्या दिवसांनी एक तास मागं घेतात. तो तास जातो कुठं, हे मी कप्तानाला विचारलं. त्यांनी मला बिस्किटं दिली. नमाजाचं तर असं, की दिशा विचारून घ्यावी, उभं राहावं, आणि जहाजानं वळण घ्यावं.

आता डबा. हजारोंमध्ये आपला कुठला? जहाजावर थंड कंटेनरची वीज बघणारा एक फिलिपिनो गडी आहे. त्यानं यादी पाहिली. डाळिंबाचा, आपल्या इंदापूर तालुक्यातला, एकच निघाला. मी रोज सकाळी हेल्मेट घालून त्याच्यापुढं उभा राहायचो आणि बाहेर दिसणारा आतल्या तापमानाचा आकडा डायरीत लिहायचो. सहा अंश. सहा अंश. गड्यानं विचारलं, आत घरचं कुणी आहे का? मी म्हटलं, मामूंचे कष्ट आहेत. त्यानंतर तोही जाताना डब्यावर हलकेच थाप मारू लागला.

अकराव्या दिवशी आकडा अकरा होता. मी धावत त्याला आणलं. प्लग सैल झाला होता. (संध्याकाळच्या फेरीत आपल्याला ते दिसलंच असतं, असं त्याचं म्हणणं. मला तसं वाटत नाही, पण त्याची बाजूही लिहून ठेवतो.) त्या दिवशी, मामू, तुमचं म्हणणं मला पहिल्यांदा पटलं.

काल सकाळी इथं बंदराबाहेर आलो तर पुढं चौदा जहाजं रांगेत. मला एकदम माळेगाव कारखान्याच्या रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॉल्या आठवल्या. मध्ये कुणी घुसत तर नाही ना, हे बघायला मी वर जाऊन उभा राहिलो. कप्तान म्हणाले, "इतक्या काळजीनं तर आमचा मालकही बघत नाही."

आणि कालच, तुमचा निरोप चौथ्यांदा ऐकल्यावर, आपली डाळिंबं जिथं पेट्यांत भरली त्या पॅकहाउसच्या सोनमला मी विचारलं. ती म्हणाली, "सर, मामूंचा डबा आधीच्या जहाजावर जागा होती म्हणून दोन दिवस आधीच गेला. तुम्हाला कुणी सांगितलं न्हाय व्हय?"

मग मी उतरवायच्या मालाची यादी मागवली. मी चोवीस दिवस जो डबा सांभाळला, तो भीमाआबांचा होता. त्यांनी त्याच आठवड्यात, कुणाला न सांगता, त्याच पॅकहाउसमधून डाळिंबं धाडली होती.

म्हणजे आपला माल माणसाशिवाय सुखरूप आला आणि त्यांचा, माणूस होता म्हणून, वाचला. शाबासकी परत करतो. तुमचं म्हणणं खरं ठरलं, फक्त शेजारच्या बांधावर.

मुमानींना सलाम. घरातल्या छकुलीला शिंपला आणतो आहे. (विकतचा.)

तुमचा भाचा,
वाजिद

ता. क. : थंड कंटेनरबरोबर माणूस लागत नाही, हेही मी त्याच पुस्तकात वाचलं होतं. निघायच्या आधी. बोललो नाही, कारण मला समुद्र बघायचा होता. हे चोवीस दिवस रोज डायरीत लिहून रोज खोडलं. आज खोडत नाही.

दुसरा ता. क. (मुमानी आत गेल्यावर वाचावा) : सोनम सांगते, भीमाआबा पुढच्या महिन्यात पुन्हा माल धाडणार आहेत. अकराव्या दिवसाचं त्यांच्या कानावर घालाल का? कपाला सांगितलं तरी चालेल, पण समोरासमोर बरं. आणि डब्याबरोबर माणूस पाहिजेच, हेही तुम्हीच सांगा. तसं सांगणं माझ्या तत्त्वात बसत नाही. या वेळी डाव्या बाजूची खोली होती. उजवीकडून समुद्र दिसतो म्हणतात.