आतली खोली आणि तीन हात

शुक्रवार पेठ, पुणे
मार्गशीर्ष, शके १७१२

प्रिय मच्छिंद्र,

बैल जुंपले असतील तर सोड आणि आधी हे वाच. तुझ्या दादाच्या जिभेला हाड नाही, असं तुझी वहिनी रोज म्हणते ना? खरंच नाही रे!

सरदारांच्या आतल्या खोलीला रंग किती लागेल, असं कारभाऱ्यांनी विचारलं. आबांनी शिकवलं तसं मी आधी बाहेरून मोजलं. चौदा हात. आतून भरले नऊच. भिंतींच्या जाडीचे दोन हात वजा केले तरी तीन हात गेले कुठे? पूर्वेच्या भिंतीवर पाणी मारलं, तर ती घटाघटा प्यायली. बाकीच्या तिन्ही भिंती जुन्या, ही कोरी. आणि मी दीडशहाणा, सगळं तिथेच बोलून मोकळा झालो. वर म्हणालो, या भिंतीला हिरमुजी रंग दुप्पट लागेल. कारभारी हसले. त्यांना हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

थोरले सरदार महिन्यापूर्वी काशीला गेले म्हणतात. त्यांची पालखी मागच्या अंगणात आहे, भोईही इथेच आहेत. ती खोली त्यांचीच. संभाजी गवंड्याचं शेवटचं कामही इथलंच. त्याची बायको आनंदी रोज दाराशी येऊन त्याला विचारते, आणि हे लोक तिला रोज सांगतात, तो परवाच गेला.

हे माप आणखी कुणाला ठाऊक आहे, असं कारभाऱ्यांनी मला विचारलं. मी भ्यालो, मच्छिंद्र. बाहेर कुणाला माहीत आहे म्हटलं तर मला हात लावणार नाहीत, असं वाटलं. म्हणून खोटंच सांगितलं, की रंग शिरवळला माझा भाऊ घोटतो, मापं त्याला कळवून झाली. मला माफ कर.

काल त्यांनी समोर बसवून माझ्याकडून पत्र लिहून घेतलं: काम मोठं आहे, ताबडतोब ये. स्वार ते घेऊन उद्या पहाटे निघणार आहे. अक्षर माझंच आहे, पण येऊ नकोस. कात्रजचा घाट चढू नकोस. वहिनीला आणि पोरांना घेऊन आजच गाव सोड. हे पत्र दूधवाल्या तुळजाबाईंच्या हाती देतोय, ते आधी पोचो. मला दाराबाहेर जाऊ देत नाहीत. सकाळपासून अंगणात चुना भिजतोय, आणि विटांची गाडी आली आहे. मी तर फक्त रंग मागितला होता.

तुझाच,
दादा